घाटात इंजिन बंद

छत्रपती संभाजीनगरहून धुळ्याच्या दिशेने निघालं की कन्नड ओलांडल्यावर पठार संपतं आणि औट्रम घाट लागतो. पाटीवर नाव काहीही असो, बोलताना सगळे कन्नडचा घाटच म्हणतात. खाली चाळीसगाव, त्यापुढे खानदेश. शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि रस्त्यावर फियाट, ॲम्बेसेडर नि जिपा धावत होत्या, तेव्हा या घाटाच्या तोंडाशी आल्यावर पुष्कळ ड्रायव्हर एक गोष्ट हमखास करत. गिअर काढून गाडी न्यूट्रलला घ्यायची, किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं आणि गाडी तिच्या वजनावर सोडून द्यायची. इंजिन थांबलं की एवढा वेळ दबलेला पत्र्याचा खडखडाट ऐकू येऊ लागे आणि मागे बसलेल्या आजीला वाटे, गाडी बंद पडली. पायथ्याला सपाटी आली की वेग आहे तोवर टॉप किंवा थर्ड टाकून क्लच सोडायचा. एक हिसका बसे आणि इंजिन धरे. सेल्फ मारायला नको, म्हणजे बॅटरीही वाचली.

आज हे वाचून अंगावर काटा येईल, आणि यायलाच हवा. तरी ही सवय निव्वळ वेडेपणाची म्हणून सोडून देता येत नाही. एका विशिष्ट यंत्राशी वर्षानुवर्षं जुळवून घेता घेता ती अंगवळणी पडली होती आणि त्या यंत्रापुरता तिच्यात हिशेब होता. पुढे यंत्र बदललं, हात मात्र जुन्याच वळणाने चालत राहिले.

आधी तो हिशेबच मांडू. प्रीमियर पद्मिनी, जिला लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले, रिकामी असताना नऊशे किलोंच्या आसपास भरते. चार माणसं आणि सामान धरून ११५० किलो म्हणू. घाटाची उंची उभ्या मापाने २५० मीटर धरली, तर माथ्यावरच्या या गाडीत नुसत्या उंचीमुळे सुमारे २८ लाख जूल ऊर्जा साठलेली असते. एक लिटर पेट्रोल जाळलं की ३२० लाख जूल उष्णता मिळते, पण जुन्या इंजिनातून चाकांच्या कामी येते ती जेमतेम तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ८० लाख. थोडक्यात, एक तृतीयांश लिटर पेट्रोल जेवढं काम करेल तेवढं हा घाट फुकटात करून देतो. ते फुकटचं काम इंजिन चालू असो की बंद, मिळतंच. इंजिन बंद केल्याने वाचतं ते एवढंच, की न्यूट्रलमध्ये नुसतं गुरगुरत राहायला त्याला जे लागलं असतं ते. एक लिटरच्या आसपासचं जुनं कार्बोरेटरचं इंजिन उभ्या उभ्या तासाला पाऊण ते एक लिटर पितं. उतरायला पंधरा मिनिटं लागली तर पाव लिटरच्या आत वाचलं. आजच्या शंभरापार गेलेल्या भावाने वीस-पंचवीस रुपये. तेवढ्यासाठी सगळं कुटुंब दरीच्या कडेने घरंगळत न्यायचं!

मग गिअरमध्येच, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरलं तर काय बिघडत होतं? इथे कार्बोरेटर समजून घ्यावा लागतो. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. ही हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि घटलेल्या दाबामुळे फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल बारीक जेटमधून वर खेचलं जातं. ड्रायव्हरचा पाय मुख्यत्वे हवेची झडप उघडतो. पेट्रोल हवेच्या मागोमाग येतं. पाय काढला की झडप मिटते, पण इंजिन आयडलिंगला चालू राहावं म्हणून झडपेच्या कडेला एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. गाडी गिअरमध्ये उतरत असेल तर चाकंच इंजिनाला जोरात फिरवतात, झडपेपलीकडे जबर ओढ तयार होते आणि ती ओढ त्या छिद्रातून पेट्रोल घेतच राहते. ते धड जळतही नाही. उतारावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येत, ते त्याचेच. म्हणजे गिअरमध्ये उतरणं न्यूट्रलपेक्षा महाग, आणि न्यूट्रल इंजिन बंद करण्यापेक्षा महाग. पुस्तक न वाचता, काटा बहुधा बिघडलेलाच असलेल्या टाकीवरून, ड्रायव्हर मंडळींनी हा क्रम बरोबर ओळखला होता.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. जुन्या फियाटचे चारही ब्रेक ड्रमचे, आणि पावलाचा जोर थेट ब्रेक ऑइलवर जायचा. मदतीला व्हॅक्यूम बूस्टर नाही. स्टिअरिंगही हाताच्या ताकदीवर फिरायचं. म्हणून इंजिन बंद झालं तरी ड्रायव्हरच्या हातून नवीन असं काही जात नव्हतं. ब्रेक आधी जेवढे कठीण, तेवढेच नंतर. हीच करामत बूस्टर असलेल्या गाडीत केली तर दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंत साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि मग पॅडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं ते वेगळं. किल्ली चुकून एक घर जास्त मागे गेली तर स्टिअरिंगला कुलूपच. फियाटवर शिकलेल्या वडिलांनी मुलाच्या नव्या गाडीत हा प्रयोग करू नये, याचं कारण एवढं साधं आहे.

डिझेलची गोष्ट याहून मजेदार आहे. मराठवाड्यात पेट्रोलच्या खर्चावरचा खरा तोडगा चालवण्याच्या पद्धतीत सापडला नाही. तो इंजिन बदलण्यात सापडला. जिपांची पेट्रोल इंजिनं जाऊन डिझेल आली आणि गावोगावच्या काळ्या-पिवळ्या त्याच जोरावर चालल्या. डिझेलचे भाव सरकारने ऑक्टोबर २०१४ पर्यंत हातात ठेवले होते, त्यामुळे फरकही बराच पडे. डिझेल इंजिनात हवेवर झडप नसते, दाब जास्त असतो, म्हणून तेवढ्याच इंधनात ते मुळातच जास्त काम काढतं. पण मुद्दा घाटाचा. डिझेलच्या फ्युएल पंपाला गव्हर्नर असतो. गाडी गिअरमध्ये उतरत असताना पाय काढला आणि इंजिनाच्या फेऱ्या आयडलिंगच्या वर असल्या, की तो गव्हर्नर इंधन जवळजवळ पूर्ण तोडतो. न्यूट्रलला घेतलं की मात्र इंजिन जिवंत ठेवायला डिझेल सोडावंच लागतं. म्हणजे पेट्रोल गाडीवर हात बसलेला जो ड्रायव्हर पुढे काळी-पिवळीवर गेला आणि घाटात न्यूट्रल मारत राहिला, तो पहिल्या दिवसापासून उलट डिझेल घालवत होता.

ट्रकच्या बाबतीत हे घालवणं पैशापुरतं राहत नाही. भरलेला सोळा टनांचा ट्रक २५० मीटर खाली येतो, तेव्हा ३९० लाख जूल कुठेतरी जावे लागतात. एक लिटर डिझेल पूर्ण जाळलं तर साधारण तेवढी उष्णता निघते. थोडी टायर आणि हवा घेतात, गिअरमध्ये असेल तर इंजिन घेतं, उरलेली सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये. इंजिनाचा वाटा काढून घेतला की ड्रम तापतात, लायनर धरेनासे होतात. आणि इंजिनच बंद केलं असेल तर एअर ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद. चिकलठाण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तिथून बाहेर पडलेल्या गाड्यांवर ज्यांची हयात गेली, त्या चालकांना विचारलं तर एकच नियम सांगतील, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायचं ते सपाटीला.

पण माणसं पाव लिटरसाठी एवढा जीव का टाकत होती? एक तर गाडी बदलणं हातात नव्हतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिचीच सुधारित आवृत्ती १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली आणि थोडेफार बदल सोडले तर तेच १०८९ सीसीचं इंजिन घेऊन शतक संपेपर्यंत चालली. परवान्यांच्या त्या काळात नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. म्हणून गाडी एकदा घरात आली की मुलांच्या लग्नापर्यंत टिकवायची, तीन-चार हात बदलून मग ती मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या डॉक्टरांकडे किंवा वकिलांकडे यायची. आणि दुसरं कारण १९७३. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल आवळलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला. पेट्रोलच्या दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी नोव्हेंबर १९७३ मध्ये बैलगाडीतून संसदेत गेले होते. मोटार बाळगणाऱ्या मध्यमवर्गाची ‘ॲव्हरेज किती देते?’ ही पृच्छा तेव्हापासून जी सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहरातल्या मंडळींनी एका झटक्यात १५० मर्सिडीज विकत घेतल्या आणि देशभर बातमी झाली. त्या दीडशेंपैकी कितीजणांनी डिलिव्हरी घेताना हा प्रश्न विचारला असेल, हे जाणून घ्यायला मला फार आवडेल.

जुन्या गाडीच्या काटकसरीत एक पेच कायमचा असतो, आणि तो नव्या गाडीवाल्याला सहसा कळत नाही. वाचवायला जावं तर गाडीचा भरवसा जातो, भरवसा धरावा तर पेट्रोल जातं. सिग्नलचंच पाहा. जालना रोडवर क्रांती चौकात दीड मिनिट थांबायचं असेल तर इंजिन बंद करणं शहाणपणाचं, असं पेट्रोलियम संवर्धनवाले १९७८ पासून सांगत आले. ती संस्था, पीसीआरए, त्याच वर्षी स्थापन झाली. सल्ला चोख आहे. पण बॅटरी अर्धमेली, सेल्फ कधी फिरतो कधी नुसता टकटकतो, आणि मागे टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून उभा, अशा माणसाने तो कसा पाळावा? तो उलट पाय ॲक्सिलरेटरवर हलका दाबून इंजिन जरा चढंच ठेवणार. पेट्रोल जातंय हे त्याला दिसतं. पण चौकात खाली उतरून चार लोकांकडून धक्का मारून घेण्यापेक्षा ते त्याला परवडतं.

हाच पेच गॅरेजमध्ये एका छोट्या पितळी स्क्रूवर येऊन बसलेला असायचा. पेट्रोल नीट जळायला एक भाग पेट्रोलला वजनाने पावणेपंधरा भाग हवा लागते. हवा जरा कमी असेल तर गाडी पटकन उचल खाते, सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, पण ॲव्हरेज पडतं. हवा जरा जास्त असेल तर ॲव्हरेज सुधारतं; त्याहून पुढे गेलं की इंजिन मिसिंग करू लागतं, चढावर ओढत नाही, तापतं आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जळतात. शहागंज किंवा पैठण गेटच्या अंगाला जुन्या गाड्यांवर हयात घालवलेला उस्ताद हा तोल मीटर न लावता धरायचा. इंजिन गरम करून चालू ठेवायचं, मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू आत फिरवायचा. इंजिन अडखळू लागलं की थांबायचं. मग बाहेर फिरवायचा. आवाज जड, भकभक येऊ लागला की थांबायचं. या दोन आवाजांच्या मधली जागा कानाने शोधायची. एवढं झालं की तो पाना लावून एक प्लग काढायचा आणि फडक्याने न पुसता उजेडात धरायचा. टोकाला कोरडी काजळी असेल तर मालकाकडे न बघताच निकाल, “काला आया साब, पेट्रोल ज्यादा पी रही.” काळं पण ओशट असेल तर पेट्रोलचा दोष नाही, रिंगा झिजून इंजिन ऑइल वर येतंय, म्हणजे खर्च मोठा. पांढरंफटक असेल तर हवा जास्त, इंजिन उपाशी. आणि चहात बुडवून काढलेल्या बिस्किटासारखा भुरकट रंग असेल तर प्लग परत जागेवर.

प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर बघायला हॅकसॉ ब्लेड. ते साधारण ०.६ मिलिमीटर जाड असतं आणि प्लगला लागतंही तेवढंच. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट खराब झाले की काडेपेटीच्या खरखरीत बाजूने घासून घ्यायचे. पॉइंट झिजले की ठिणगीची वेळ सरकते, ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल जळायला पुरेसा वेळ मिळत नाही आणि अर्धवट जळालेलं तसंच बाहेर जातं. अनेकदा ज्याला लोक कार्बोरेटर खराब म्हणत, ते दुखणं चार पैशांच्या पॉइंटचं असे. काही हुशार मंडळी याहून पुढे जाऊन मुख्य जेटच्या छिद्रात बारीक तांब्याची तार घालत. पेट्रोल कमी ओढलं जायचं, मालक महिनाभर खूश असायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात गॅस्केट जायचं.

उन्हाळा हा या कथेतला खलनायक आहेच. दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबाद-वेरूळकडे जाताना जो चढ लागतो, तिथे मे महिन्याच्या दुपारी बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे एके काळी नेहमीचं दृश्य होतं. पेट्रोल हे अनेक द्रव्यांचं मिश्रण असतं आणि त्यातले हलके अंश ३५-४० अंशांनाच उकळायला लागतात. बाहेर पारा चाळिशीच्या वर, पेट्रोलचा पंप थेट इंजिनाच्या अंगाला बोल्टने जखडलेला. चढावर गाडी हळू, वारा कमी. नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप द्रवाऐवजी वाफच दाबत बसतो आणि कार्बोरेटरची वाटी कोरडी पडते. मेकॅनिक याला एअर लॉक म्हणतात. उपाय तेव्हाही एकच होता, आणि आजही जुन्या गाडीला तोच लागू पडतो. पंपावर आणि नळीवर ओला फडका गुंडाळायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं.

याच चढावर काटकसर आडवी यायची. वरचा गिअर टाकला की इंजिनाच्या फेऱ्या कमी, म्हणून पेट्रोल कमी, हे गणित सपाटीला खरं. चढावर टॉपमध्येच रेटत राहिलं की रेडिएटरचा पंखाही हळू फिरतो, कारण तो बेल्टने इंजिनालाच बांधलेला. वॉटर पंपही तसाच. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं वर आहे, म्हणून इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं आणि हा आकडा ११० च्या घरात नेतं. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली असेल तर ती सवलतही गेली. वेळीच सेकंड टाकून पंख्याला वारा घेऊ देणारा ड्रायव्हर चढाला चमचाभर पेट्रोल जास्त जाळी आणि गॅस्केटचा खर्च वाचवी. ॲव्हरेजच्या नादात टॉपमध्ये कुथत चढणाऱ्याला खुलताबादला पोहोचेपर्यंत पाण्याच्या कॅनसाठी हात पसरावा लागे.

सपाटीवरची काटकसर मात्र साधी आणि आजही जशीच्या तशी लागू आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५० ऐवजी ८० ने गेलं की वेग दीडपटीहून थोडा जास्त होतो, पण हवा अडीचपट जोराने मागे ढकलते. फार हळू जाणंही महाग, कारण इंजिनाचा स्वतःला फिरवण्याचा खर्च प्रत्येक किलोमीटरवर जास्त बसतो. या दोन टोकांच्या मध्ये ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा पट्टा किफायतीचा, हा सल्ला पीसीआरएने इतक्यांदा दिला की तो पंपावरच्या पत्रकांतून लोकांना पाठ झाला. टायरमधली हवा, न घासणारे ब्रेक आणि पुढचा सिग्नल लाल दिसला की आधीच काढलेला पाय, एवढ्यात उरलेलं बरंचसं येतं. पाय आधी काढणं हे सगळ्यांत मोठं. प्रत्येक करकचून मारलेला ब्रेक म्हणजे आधी विकत घेतलेला वेग फेकून देणं.

अमेरिकेत याच कलेची शर्यत झाली. इलिनॉय राज्यातल्या वुड रिव्हर इथल्या शेल कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी आपापसात पैज लावली, एका गॅलनमध्ये कोणाची गाडी लांब जाते. जिंकणाऱ्याने ४९.७३ मैल काढले, म्हणजे लिटरला २१ किलोमीटर. पुढे ती स्पर्धाच झाली आणि तेलसंकटाच्या त्याच १९७३ साली एका उलट्यापालट्या केलेल्या जुन्या ओपेल गाडीने गॅलनला ३७६ मैल, लिटरला १६० किलोमीटर गाठले. अशा स्पर्धांतली मुख्य युक्ती कन्नडच्या घाटातल्यापेक्षा फार वेगळी नाही: थोडा वेळ इंजिन जोरात चालवून वेग घ्यायचा, मग ते बंद करून गाडी घरंगळू द्यायची. पेट्रोल इंजिन अर्ध्यामुर्ध्या भारावर आळशीपणे चालतं तेव्हा सर्वांत उधळं असतं. भार पडला की नेटकं चालतं. फरक एवढाच, की ती गाडी शर्यतीच्या वाटेवर होती, समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत नव्हता.

दुचाकीवाल्यांची काटकसर तर या शहरात कारखान्याच्या दारातच सुरू झाली. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षी आलेली एम-८० मराठवाड्यातल्या दूधवाल्यांची, मास्तरांची, एलआयसी एजंटांची गाडी झाली. टू-स्ट्रोक इंजिन मुळातच उधळं. नवं मिश्रण आत घेताना त्याच क्षणी धूर बाहेर ढकलायचा, म्हणून न जळालेलं पेट्रोलही धुराबरोबर थोडं निघून जातं. त्यावर लोकांनी शोधलेले उपाय बघण्यासारखे होते. घर अर्धा किलोमीटर राहिलं की पायाशी असलेला पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि वाटीत, नळीत उरलेल्या थेंबांवर घर गाठायचं. सकाळी किक लागेना तर स्कूटर बाजूला तिरपी करायची, की पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत उतरे. यातला पहिला उपाय वाटतो त्याहून शहाणपणाचा होता. रात्रभर ठिबकून किंवा उडून जाणारं पेट्रोल वाचायचं आणि वाटीत चिकट गाळ बसत नसे.

मग यंत्र बदललं, आणि बदलाची एक चाहूल याच शहराच्या दुसऱ्या टोकाला लागली. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळू लागल्या. देशभरात त्याच सुमारास कारमधून कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं होतं. दुचाकींचं हे स्थित्यंतर बव्हंशी १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमाबरोबर पूर्ण झालं. आता पेट्रोल हवेच्या ओढीने येत नाही. एक छोटा संगणक हवा मोजतो, तापमान बघतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो. उतारावर गाडी गिअरमध्ये आहे, पाय वर आहे, फेऱ्या पुरेशा आहेत, हे त्याला दिसलं की तो इंजेक्टर पूर्ण बंद ठेवतो. त्या क्षणी खर्च शून्य. न्यूट्रलला घेतलं की मात्र इंजिन चालू ठेवायला थेंब थेंब सोडावाच लागतो. कन्नडचा घाट तोच, पण क्रम उलटा झाला: आता गिअरमध्ये उतरणं सर्वांत स्वस्त आणि तेच सर्वांत सुरक्षित. तरीही घाट लागताच न्यूट्रल करणारे महाभाग अजून दिसतात. चालू करण्याआधी ॲक्सिलरेटर दोनदा दाबणारेही तसेच. कार्बोरेटरमध्ये त्या दाबाने खरोखर पेट्रोलची चिळकांडी उडत असे. इंजेक्शनच्या गाडीत नुसता पाय हलतो. सकाळी दहा मिनिटं इंजिन ‘गरम’ करत उभं राहणं हाही चोकच्या काळातला विधी, आता त्यात पेट्रोलच जातं.

ज्यांच्याकडे अजून एमएच-२० पाटीची एखादी कार्बोरेटरवाली मारुती किंवा आजोबांची पद्मिनी टिकून आहे, त्यांचा पेच मात्र नव्याने परतला आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही आपल्याच मराठवाड्यातल्या उसाचं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून मिश्रणात ती सहा-सात टक्क्यांनी घटते. शिवाय इथेनॉल स्वतःबरोबर प्राणवायू आणतं, आणि जुन्या कार्बोरेटरला हे कळायला संगणक नाही. ठरलेल्या जेटमधून तो पूर्वीइतकंच इंधन सोडतो आणि मिश्रणात हवा जास्त झाल्यासारखं होतं. प्लग पांढरा येतो, इंजिन गरम चालतं, थंडीत उठायला कुरकुरतं. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा डायफ्राम, फ्लोटच्या सुईचं टोक हे सगळं इथेनॉलने मऊ पडतं किंवा चिरतं. टाकी महिनोन्‌महिने भरून ठेवली तर ते हवेतलं पाणीही शोषून घेतं. म्हणून आधी इथेनॉलला टिकणारे होज आणि डायफ्राम टाकून घ्यावेत, टाकी वापरापुरतीच भरावी आणि मग प्लगचा रंग बघून मुख्य जेट एका नंबरने मोठा बसवावा. गाडी थंड चालेल. ॲव्हरेज इथेनॉलने आधीच खाल्लेलं असतं, मोठा जेट उरलेल्यातलं आणखी थोडं खाईल. व्हॉल्व्हच्या कामाचा खर्च समोर ठेवला तर हा सौदा मला तरी स्वस्त वाटतो.